जात पडताळणी

इथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच.
तरी आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर,
खाडीच्या चिखलातला एक बोटभर जीव
साठ वर्षं अल्कोहोलमध्ये राहून राहिला आहे.

मे महिन्यात बरणीतलं अल्कोहोल उडतं.
बूच कितीही आवळा, उडतंच.
कूलरला पाणी घालून झालं की रामटेके दारातून विचारतो,
"मॅडम, गोमेलेही टाकू का?"
मी म्हणते, गोम नाही ती.
"मंग काय हाये?"
तेच तर पाहते आहे, अडीच वर्षं.

खानझोडे सरांनी ती भाट्याच्या खाडीतून आणली.
डिसेंबर त्रेसष्ट, ओहोटी, सकाळी सव्वासात,
असं त्यांच्या शाईत आहे.
जाती नवी, असं त्यांनी लिहिलं
आणि एका जुन्या प्रजातीत तिला जागा मिळवून दिली,
वसतिगृहात गावाकडच्या पोराला देतात तशी,
वॉर्डनची ओळख काढून.

तेव्हा सूक्ष्मदर्शकाला आरसा असायचा.
आरशात ऊन धरायचं आणि खालून वर सोडायचं.
नागपूरचं ऊन, ते काही कमी नव्हतं.
सरांना हुक दिसले, एकेका वलयावर आठ-आठ, दोन्ही अंगांना.
हुकांवरची टोपी दिसली नाही.

टोपी आहे.
कांद्याच्या अगदी आतल्या पापुद्र्यासारखी,
नवव्या वलयापासून शेपटापर्यंत, प्रत्येक हुकावर.
मोजले. चहा प्यायले. पुन्हा मोजले.
मोजणं मला घरून आलं आहे.
तांडापेठेत बाबा मागावर बसत,
काठात एक धागा चुकला तर डोळ्यांआधी
त्यांच्या अंगठ्याला कळे.
मग उसवत बसत, वीतभर, कधी हातभर.
धाग्याला शिवी दिलेली मी ऐकली नाही.

तर जाती तीच राहील, प्रजाती बदलेल.
पहिला शब्द नवा. दुसरा तोच,
फक्त त्याचं शेवटचं अक्षर
नव्या घराच्या लिंगाप्रमाणे वळेल.
"म्हनजे लगन लागलं म्हना तिचं," रामटेके म्हणाला.

आणि सरांचं नाव कंसात जाईल.
नियम आहे तसा. पहिलं नाव देणाऱ्याला काढत नाहीत,
घर बदललं की कंसात घेतात,
म्हाताऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरून
जिना उतरवावा तसं.

सरांच्या मुलीला पुण्याला फोन केला.
"म्हणजे बाबा चुकले?"
मी नाही म्हटलं.
मग हो म्हटलं.
मग रेंज गेली.

माझ्या धाकट्या भावाची फाइल समितीकडे आहे.
सतरा वर्षं.
आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीपुढे एक शब्द,
बाबांच्या दाखल्यावर दुसरा,
दोन्ही एकाच हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात.
तिथेही मोजतात म्हणे.
काय मोजतात, ते विचारायची खिडकी चारला बंद होते.
कंस तिथे नसतो.
परवा तो जेवताना म्हणाला,
"ताई, तुझी अळी बरी, अडीच वर्षांत सुटली."
आणि वरण वाढून घेतलं.

आज नवी चिठ्ठी लिहिली.
शाई वाळायला थांबावं लागलं नाही, बाहेर सेहेचाळीस होतं.
जुनी चिठ्ठी काढायची नसते.
सरांची पिवळी, माझी पांढरी,
दोन्ही त्याच बरणीत, आणि मध्ये ती,
चौऱ्याण्णव वलयं आखडून.

रामटेकेनं अल्कोहोल गळ्यापर्यंत ओतलं.
मग बरणी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला.
"तिले सांगतलं का कोनी?"

बरणी हलली तशी ती जराशी वळली.
मी बूच आवळलं.