कोणतं घ्यायचं

मे महिना, त्रिमूर्ती नगर, रात्रीचे साडेअकरा.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी परत तीन विमानांपुढे बसलो.

डाकोटा स्वस्त, पण कॉकपिट प्लास्टिकचं वाटतं.
व्हायकाउंट देखणं, लंबगोल खिडक्यांचं,
किंमत मात्र माझं पेन्शन बघून ठेवलेली नाही.
स्कायमास्टरला चार इंजिनं,
आणि सगळं लक्षात राहतं म्हणे त्याच्या:
आज जास्त तापवलंत तर उद्या तेल गळेल.

मागे खाटेवर बाबा. ब्याण्णव पूर्ण.
सोनेगावला टपालाच्या थैल्या उचलायचे.
मध्यरात्री चार दिशांची विमानं इथं उतरायची,
मद्रासची थैली दिल्लीच्या पोटात,
दिल्लीची मुंबईच्या,
पहाटेआधी सगळी पांगायची.

हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.
पहिलं ऐकलं. "हे नोहे."
दुसरं. "लई सभ्य आहे हे."
तिसऱ्याला चिडलेच,
"बंद कर ना बाप्पा ते इंजन!"

केलं बंद. पाती अडखळत थांबली.
हेडफोन काढायला हात नेला
तर त्यांनी मनगट धरलं.

टिक.
टिक टिक.
तापलेला धातू गार होत होता.

"आता पोटाखाली जाचं असते," ते म्हणाले,
"पण हात लावू नको, भाजते."

पैसे भरले. उतरवून घ्यायला दीड तास.
बाबा झोपले नाहीत.

पडद्यावरच्या सोनेगावात धावपट्टी आहे,
निळे दिवे आहेत,
माणूस एकही नाही.
"थैल्या कोन उतरवते मंग?"

मी ब्रेक लावून बसून राहिलो.