साठ अंश

पहिल्या हिवाळ्यात मी एक गुन्हा केला होता.
कुमुदमावशींनी त्याच्यासाठी विणलेला स्वेटर,
राखाडी, बाह्यांवर वेणीची नक्षी,
टॉवेलांबरोबर मशीनमध्ये टाकला.
बाहेर आला तो
वर्षाच्या पोराला जेमतेम होईल एवढा,
पुठ्ठ्यासारखा घट्ट.
तीन दिवस तो माझ्याशी
दूध संपलंय, उद्या कचऱ्याची गाडी आहे,
एवढंच बोलला.

एकोणीस वर्षं झाली त्याला.
आज स्किप्टनच्या याच स्वयंपाकघरात
तोच गुन्हा मी
मुद्दाम, मोजूनमापून करते आहे.

शिकवलं शेजारच्या मिसेस होलरॉइडनी.
"मोठी वीण, बेढब दिसेल इतकी मोठी.
सैल हाताने. कंजुषी नको."
करंगळीएवढ्या जाड सुया दिल्या, स्वतःच्या.
आणि लोकर निवडताना लेबल वाचून
एक गुंडी परत फडताळात ठेवली:
"ही मशीनमध्ये धुतली तरी चालते म्हणे.
भित्री आहे. ही आटायची नाही."

सहा आठवडे लागले.
सुलट, सुलट, सुलट, गोल गोल,
बातम्या ऐकत, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरत.
एकदा लोकरीत गवताची काडी सापडली,
कुठल्या टेकडीवरची कोण जाणे.
तेराव्या ओळीत गळलेला टाका
तिसाव्या ओळीत दिसला.
"राहू दे, आटल्यावर कळत नाही," त्या म्हणाल्या.
मी उसवलंच.
दोन संध्याकाळी गेल्या, पण झोप लागली.

शेवटी जे तयार झालं ते
पर्स नव्हे, पोतं.
अनघा ते डोक्यावरून घालून
घरभर भूत होऊन फिरली, सोळा वर्षांची घोडी.

मग उशीचा अभ्रा, त्याला गाठ,
सोबत घासायला दोन जुन्या जीन्स.
साठ अंश.
दार खट्टकन लागलं.
आमच्या मशीनचं दार मध्येच उघडत नाही.

मी लादीवर बसून राहिले.
त्या गोल काचेमागे
सहा आठवडे गरगरत होते,
आणि इथून पुढे
काहीही उसवता येणार नव्हतं.

मिसेस होलरॉइडनी एकदा विचारलं होतं,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
मी म्हटलं, आमच्याकडे एवढी थंडीच नसते.
आणि आता, फेस चढताना, आठवलं.
मिरजेच्या वसतिगृहात माझ्या खाटेवर एक होता,
काळा, वीण नसलेला, नुसता भिजवून मळून दाबलेला,
रात्रभर मानेला टोचायचा.
मागच्या दारी धावले.
त्या कपडे वाळत घालत होत्या.
कुंपणावरून ओरडले: "बुरणूस!"
त्या म्हणाल्या, "ब्लेस यू."

निघाली तेव्हा
ओल्या मेंढीचा वास घरभर.
एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब,
एक कोपरा रुसलेला.
टाके सगळे एकमेकांत मुरलेले,
तेरावी ओळ कुठली, मलाही सांगता येईना.
चहाचे दोन खोके आत कोंबून
आकार दिला, ओढला, थापटला, शिव्या दिल्या.
तीन दिवस ती बॉयलरच्या कपाटात वाळली.

शनिवारी बाजारात घेऊन गेले.
कांदे, लीकची जुडी, वाचनालयाचं पुस्तक.
त्याने किल्ली शोधायला आत हात घातला
आणि थांबला.
आतल्या बाजूला मी एक कप्पा शिवलाय,
राखाडी, उभा, अरुंद,
वेणीची नक्षी असलेला.

"ही माझी बाही ना?"

मी लीकचे पैसे देत होते.
तो हात घालून पाहत होता,
मनगटापर्यंतही जाईना.
चार बोटं गेली.
ती त्याने बराच वेळ
तिथेच ठेवली.