फ्रीजवर

कारण असं काही नाही.
सोळा नंबरचा फॉर्म फ्रीजवर होता,
त्यावर लाइट बिल,
बिलावर यावलच्या लग्नाची पत्रिका.
जुलै त्याखालीच संपला.

बामणोदची वांगी बाजारात आली
तेव्हा कुठे गोलाणीचा जिना चढलो.
फेगडे म्हणाले, "बसा ना भो,
एकतीस डिसेंबरपर्यंत भरता येतं.
पाच हजार लेट फी, वर थोडं व्याज."
मी सगळी कबुली पाठ करून गेलेलो.
त्यांनी फक्त पॅन मागितला.

ओटीपी आला.
सहा आकडे मोठ्यांदा वाचले,
शाळेत उशिरा पोचून
दारातूनच हजेरी दिल्यासारखे.

दोन किलो वांगी घेऊन घरी आलो,
फ्रीज आवरला.
पत्रिका हातात आली.
लग्नालाही गेलो नव्हतो.

त्याची लेट फी
फेगडेंना विचारायची राहिली.