पेशन्स

लिएपाया. नोव्हेंबर. दुपारी चारलाच अंधार,
समुद्रावरचा वारा खिडकीच्या काचेला दात वाजवायला लावतो.
मी पत्ते लावते, पडद्यावर, सात ढीग.
एकट्याने खेळायचा खेळ, असं पाकिटावर छापलं होतं
आणि खाली बारीक अक्षरात: इंटरनेटची गरज नाही.

गरज नाही, ठीक.
पण इच्छा?

कारण मी चौकटची राणी उचलते
आणि कपाटावरच्या राउटरचा हिरवा दिवा लुकलुकतो.
खेळ बंद केला की तोही गप्प,
चोरून खाताना सापडलेल्या पोरासारखा.
किराण्याच्या वहीत मागच्या पानापासून नोंदी ठेवल्या:
तीन चाळीस, दोनदा.
तीन बावन्न, एकदा, लांब.
चार पाच, काही नाही. (मी हरत होते.)

तिसऱ्या मजल्यावरचा रेनार्स आला, बूट न काढता.
कळांवर बोटं नाचवली, म्हणाला,
वेल्ताकाकू, अपडेट शोधत असेल. नाहीतर तुमचा टीव्ही असेल.
आणि समजा पाठवलंच, तर पाठवणार काय?
चौकटची राणी?
मी त्याला बरणीभर काकड्या दिल्या. तो जिना उतरेपर्यंत हसत होता.

काय पाठवणार.
की आर्विद्स गेल्यापासून मी पहाटे तीनला जागी असते.
की चाल चुकली तर अकरा-अकरा वेळा मागे घेते.
की बदामचा एक्का तळात अडकला
तर नवा डाव मागते आणि जुना मोजत नाही.
की हल्ली पत्ता सोडण्याआधी हात हवेत थांबतो,
मागच्या वर्षीपेक्षा जरा जास्त.
एवढ्यावरून माणूस उभा करता येतो.
मला ठाऊक आहे. मी केलेत.

एकोणीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
समोर भोकांची भिंत, कानाला गरम रबर.
बोला, जोडते.
जोडायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम.
गुरुवारी मात्र झान्ना पेत्रोव्ना
माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवायची:
चार-सतरावर जरा थांब.

चार-सतरा म्हणजे एक बाई,
समुद्रापलीकडच्या बहिणीशी बोलायची,
मीठ किती, व्हिनेगर किती, यंदा शेपू कसा आलाय.
बहीण म्हणायची, इथल्या शेपूला वासच नाही गं.
मी लिहिलं: शेपू, तीनदा.
वरच्या खोलीत कुणीतरी त्याखाली लाल रेघ ओढली.
पुढच्या गुरुवारी ते भोक रिकामं. त्याच्या पुढच्याही.
मी विचारलं नाही.
मला पगार ऐकण्याचा होता.

काल मी वायर उपटली.
दिवा विझला. सहा डाव खेळले, दोन जिंकले,
पत्ते कारंज्यासारखे उसळले, आणि जगात
कुणालाही कळलं नाही. इतकं हलकं वाटलं
की मी उठून राईच्या पावावर दुप्पट लोणी फासलं.

मग रात्री वायर लावली
आणि दिवा लागला तो थांबेच ना,
हिरवा, हिरवा, हिरवा,
दिवसभराचं साठवून ठेवलेलं एका दमात सांगत असल्यासारखा.

हसू आलं मला, खरंच.
आम्हीही असंच करायचो. वरची लाइन बंद असली
की कागदावर लिहून ठेवायचं,
सकाळी सगळं एकदम.

आज गुरुवार आहे.
तिकडे कुणी असेलच तर असेल एखादी मुलगी,
चहा गार झालेली, मान अवघडलेली,
खांद्यावर दोन बोटं.
किंवा नुसतं यंत्र. किंवा काहीच नाही,
रेनार्स म्हणतो तसा टीव्ही.

खेळाडूचं नाव, अशी एक चौकट असते कोपऱ्यात.
तीन वर्षं तिथे वेल्ता होतं.
ते पुसलं. तिचं नाव मला कधीच कळलं नाही,
म्हणून आकडाच लिहिला,
आणि पुढे, जागा उरली होती तेवढ्यात, शेपू.

मग पत्ते पिसले
आणि कपाटाकडे पाहत बसले.