सहीच्या जागी

मार्चचा दुसरा मंगळवार. डुलुथच्या वाचनालयाचं तळघर.
सरोवराच्या काठाला अजून बर्फाची साय,
आत घडीची चार टेबलं, कुरकुरणारं कॉफीचं यंत्र
आणि भिंतीवर माझ्याच वाकड्या अक्षरातली यादी:

पंधरा एप्रिल ही तारीख आहे, सल्ला नव्हे.
मुदतवाढ मिळते ती कागदाला. पैशाला नाही.
बँकेचा खातेक्रमांक दोनदा वाचा,
तिसऱ्यांदा दुसऱ्याला वाचायला लावा.
सही करा.
(दरवर्षी कुणीतरी सहीच विसरतं.)

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
आता दर वसंतात लोकांची मिळकत
रकान्यारकान्यातून हाकतो, फुकट.

सकाळी ओडेसा आली, बंदरावरच्या हॉटेलात वाढते ती.
टिपांचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखेवार.
"रोख मिळाली तरी मिळकतच, पोरी."
"आणि एकानं नॅपकिनवर 'तुझं हसू छान' लिहिलं, ते?"
ते करमुक्त, म्हटलं.
मग अब्दिरिसाक, पार्सलं पोचवणारा,
बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या, तेलाच्या वासासकट.
त्याला सांगितलं, मैलांची वही गाडीतच ठेव,
आणि कर वर्षाअखेरी एकदम नको, चार हप्त्यांत भर,
नाहीतर एप्रिल अंगावर येतो.

दुपारी वर्ना काल्लिओ.
टोपी काढली नाही. पाकीट टेबलावर ठेवलं,
त्यावर एइनोचं अक्षर: सरकारी, फेकू नये.
एइनो ऑगस्टात गेला.
"आता मी एकटी, असं लिहायचं ना?"

नाही, म्हणालो.
माणूस ज्या वर्षी जातो, त्या अख्ख्या वर्षापुरतं
विवरण दोघांचं भरता येतं.
वजाबाकीत शेजारून हातचा घेतात ना,
तसा तो डिसेंबरच्या एकतीस तारखेपर्यंत मिळतो.
"नोव्हेंबर धरून?"
नोव्हेंबर धरून.
"हरणांच्या मोसमात तर तो नव्हताच," ती म्हणाली,
आणि बराच वेळ कॉफीच्या यंत्राकडे बघत राहिली.

सेहेचाळीस वर्षं तो भरायचा, ही न वाचता सही करायची.
आज प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होती.
त्याचा पगार. तिचं पेन्शन. व्याज, नऊ डॉलर.
मग एक छोटा कागद, घडी घातलेला:
कसिनो, नाण्यांचं यंत्र, मे महिना,
जिंकलेले एक हजार चारशे बारा.

"मेमध्ये तो मासे धरायला गेला होता."
मी काही बोललो नाही. करसल्लागाराला
काही बाबतीत गप्प बसायचं शिकावं लागतं.
"आणि पैसे गेले कुठे?"
मग तिचं तिलाच आठवलं.
"बर्फ उडवायचं मशीन! मेलेला म्हणाला होता,
अर्ध्या किमतीत मिळालं!"
आणि ती हसायला लागली. अशी हसली
की वरच्या मजल्यावरची ग्रंथपाल जिन्यात डोकावली.
"लिही, लिही. त्याची एक पैही लपवू नकोस."

परतावा निघाला तीनशे अठरा.
तिनं पिशवीतून पेन्सिल काढली, एइनोची, दातांचे व्रण असलेली.
शाईनं, वर्ना. पेन्सिल चालत नाही.
तिच्या ओळीवर तिनं सावकाश सही केली.
त्याच्या ओळीवर काय लिहायचं ते मी सांगितलं:
हयात जोडीदार म्हणून भरत आहे.
तिनं लिहिलं, 'हयात' पाशी पेन जरा अडलं.

प्रत घरी ठेवा, म्हटलं, निदान तीन वर्षं.
पुढच्या वर्षी रकाना बदलेल, तेव्हाही या.
ती दारापर्यंत गेली, मागे वळली.
"ते मशीन सुरू कसं करतात, ठाऊक आहे तुला?
बर्फ तर एप्रिलमध्येही पडतो."

ते भिंतीवरच्या यादीत नव्हतं.
शनिवारी येतो, म्हणालो.