कोरा चहा

दुसऱ्या अंकातला पेला माझा.
बाकीचं सगळं, पत्र, चष्मा, मोडकी छत्री,
पोरं मांडतात हल्ली टेबलावर.
पेला मीच भरतो.
कोरा चहा, बिनसाखरेचा, दोनदा गाळलेला.
चौथ्या रांगेतनं बघणाऱ्याला हुबेहूब तीच वाटते.

नऊ वर्षांपूर्वी चहा नव्हता त्यात.
"इलाही, नुसत्या पाण्यावर नट चढत नाही गा,"
म्हणायचे जयसिंगराव,
आणि मी शर्टाच्या आतनं चपटी काढून ओतायचो.
मला वाटायचं, ही सेवा आहे.

इचलकरंजीला तिसरा अंक झालाच नाही.
पडद्यापुढं मॅनेजर लोकांना हात जोडत होता
आणि मागं आम्ही दोघातिघांनी मिळून
टेम्पोत, सेटच्या दाराशेजारी, त्यांना आडवं केलं.
रंगवलेलं दार. घर नसलेलं.

मग कुणी तारीख देईना.
शिवाजी पेठेतली पोरं कोपऱ्यावर त्यांची नक्कल करायची.
ते उभे राहून बघायचे, आणि चूक काढायचे:
"असा पडत नाही बेवडा. गुडघ्यापासून सुटतो."

कुठल्या बुवाच्या अंगाऱ्यानं सुटली नाही.
मिरजेच्या दवाखान्यात एकवीस दिवस,
चमचा तोंडापर्यंत पोचायचा नाही,
तेवढं मी बघितलं. पुढचं शैलावहिनींनी.
त्या बोलत नाहीत त्यावर.
फक्त त्या वर्षी घरातले काचेचे ग्लास गेले,
स्टीलचे आले.

परत आले तेव्हा अडचण संध्याकाळचीच होती.
सात वाजता माणसानं करायचं काय?
म्हणून गंगावेशीत दूधकट्ट्यावर जायला लागलो.
समोर म्हैस, खाली चरवी, फेसाळ ऊन ऊन धार,
तालमीतली पोरं एका दमात पिऊन मिशा पुसतात.
जयसिंगराव दोन्ही हातांनी ग्लास धरायचे
तरी अर्धं दूध मनगटावरनं कोपरापर्यंत.
दगडू गवळी म्हणाला,
"असू द्या मालक, दुसरा भरतो. म्हशीला काय तोटा न्हाई."
कुणी हसलं नाही.
म्हशीनं मान वळवून बघितलं, तेवढंच.

अशा किती संध्याकाळी, ते मोजत होते. मी नाही.

मग एका पोरसवदा दिग्दर्शिकेचं नाटक आलं,
आणि त्यात नेमका दुसऱ्या अंकात बाप पितो.
मी म्हटलं, तेवढी जागा काढून टाकायला सांगा की.
"का? तेवढंच तर येतं मला."

तालमीच्या पहिल्या दिवशी पेला पुढं ठेवताना
थरथरला तो माझा हात.
त्यांनी वास घेतला. पेला परत सरकवला.
"तू पी आधी."
मी प्यालो. कडू.
ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले
उधारीची वही बघावी तसे.

तेव्हापासून तिसऱ्या घंटेआधी विंगेत
पहिला घोट माझा.

परवा शंभरावा प्रयोग.
दारात हाऊसफुल्लची पाटी, पेपरात फोटो,
फोटोखाली 'पुनरागमन' असा भारी शब्द.
भर नाटकात ते गुडघ्यापासून सुटले
आणि टाळ्यांनी थेटर दणाणलं.
मी त्या वेळी डोळे मिटून घेतो. शंभरही वेळा घेतलेत.
उठायला त्यांना पाच आकडे लागतात.
परवा सात लागले.

मग मेकअप पुसताना, आरशातनंच म्हणाले,
"अजून वाटतं रे इलाही. रोज. त्या वाक्याच्या आधी."

मी काय बोलणार.
पेला विसळला, उपडा घातला.
थर्मासच्या तळाला थोडा उरला होता,
झाकणात ओतून दोघांनी अर्धा अर्धा घेतला,
गार झालेला.
हार खुर्चीवर तसाच ठेवून ते उठले.
"किती वाजले? दगडू असंल का अजून?"