डावं मडगार्ड

बाबनी चेंदवणकर गाडी कानानं बघतो.
मधल्या बोटाचं पेर वाकवून
आमच्या फियाटवर टकटक करत फिरतो,
नारळातलं पाणी जोखावं तसा.
बॉनेट, टण. उजवं दार, टण. टप, टण.

मी मागून सांगत असतो :
बाहत्तर सालची. एकच मालक.
कंपनीतून आली तोच रंग,
ब्रश लागला नाही की बंदूक लागली नाही.
अप्पा हे वाक्य पाहुण्यांना चहाबरोबर द्यायचे,
कधी चहाच्या आधीच.

उभादांड्याच्या खाऱ्या वाऱ्यात
ती टिकली ती उगाच नाही.
उंडीखाली लावायची नाही, चीक पडतो.
रतांब्याखाली तर नाहीच.
खारटलेली विहीर आमच्या अंघोळीला,
तिला पुसायला वरच्या वाडीतून कळशी.

बाबनी नंबरप्लेट उतरवतो.
मागं एक चौकोन,
हात लावला तर ओला लागेल इतका हिरवा.
दाराच्या रबराखाली त्याहून फिका.
टपावर हिरव्याचं पीठ झालेलं,
बोट फिरवलं की बोटाला येतं.
डिकीत, स्टेपनीखाली,
कधीच ऊन न पाहिलेला, जरा उद्धट.

"खंयचो रंग होयो तुका?
चारय कंपनीचेच."

मला सांगता येत नाही.
लहानपणापासून ज्याला गाडीचा रंग म्हणत आलो
तो या चारांत नाही.

मग डावं मडगार्ड.
टप.
पुन्हा, टप.
पिकलेला फणस बोलतो तसं.

पाण्याचा कागद घेऊन
तो रुपयाएवढी जागा घासतो.
वर्तुळात वर्तुळ उघडत जातं,
आधी हिरवा, पण किंचित पिवळट,
मग करडी लुकण, चांगली जाड,
मग तांबडा प्राइमर,
मग पत्रा, आत गेलेला.

"हो भट्टीतलो न्हय.
हो माझ्या बापाशीन कालवल्यान.
पंच्याहत्तर साल. गॅसबत्ती माझ्या हातात होती."

कुणी ठोकली होती?

कागद पाण्यात बुडवतो, पिळतो.
"तुझ्या आवशीन."

आईनं.
जी पुढच्या सीटवरसुद्धा
दाराला चिकटून बसायची,
सामान ठेवल्यासारखी.

अप्पा तिला शिकवत होते म्हणे,
मोचेमाडच्या सड्यावर,
आजोबा तारखेला कुडाळला गेले की.
तीन तारखा नीट गेल्या.
चौथ्या तारखेला
आत मीच घेते म्हणाली,
आणि जांभ्याच्या गडग्यानं माघार घेतली नाही.

आजोबा सकाळच्या एस्टीनं यायच्या आत
पत्रा ठोकून, लुकण भरून, रंग मारून
थिनरचा वास जावा म्हणून
अंगणभर धुरी घातलेली.
आजोबांची पुढची तारीख पडली
आणि आई सड्यावर गेली नाही.
का, ते बाबनीला माहीत नाही.
विचारायला आता दोघंही नाहीत.

ब्रश लागला नाही की बंदूक लागली नाही.
दर वेळी हे म्हणताना
ट्रे धरून आई शेजारीच असायची.
मी पाहुण्यांकडे बघायचो,
गाडीकडे बघायचो,
तिच्याकडे कधी बघितल्याचं आठवत नाही.

"सगळी मारूया काय? फरक दिसाचो नाय."
नको.
"मग ह्या रुपयाक तरी रंग होयो. खंयचो?"
तुझ्या बापाचा, मी म्हणतो.

बाबनी डबे मांडतो. हिरवा, पांढरा, पिवळा.
काडीनं ढवळतो, पत्र्याच्या तुकड्यावर ओढतो,
उन्हात धरतो, पुसून टाकतो.
पुन्हा ढवळतो. पुन्हा पुसतो.
"बत्तीच्या उजेडात पिवळो वायच जास्ती पडलो तेका.
दिवसा कालवून जमाचा नाय."

कुठूनशी जुनी गॅसबत्ती काढून
तिला नवा मेंटल बांधतो.
मी गाडीच्या पायरीवर बसतो.
समोर समुद्रावर अजून चांगलं तासभर ऊन आहे.
आम्ही काळोख पडायची वाट बघतो.